एका गुणाचं सुवर्ण: महिला कबड्डीतलं आशियाई पदक आता सोपं का राहिलं नाही?

७ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या महिला कबड्डीचा अंतिम सामना संपला, तेव्हा फलकावर आकडे होते भारत २६, चायनीज तैपेई २५. फरक एका गुणाचा. त्या स्पर्धेतलं भारताचं हे शंभरावं पदक होतं. त्यामुळं दिवसभर मोबाईलवर शंभराचाच गाजावाजा झाला आणि एका गुणाची गोष्ट मागं पडली.

गावाकडं बहुतेकांची समजूत अशी की कबड्डी म्हणजे आपला खेळ, तिथं आपण जिंकणारच, त्यात काय नवल? पण आधीच्या अंतिम सामन्यांचे आकडे काढून बघा. महिला कबड्डी आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा आली २०१० साली, चीनच्या ग्वांगझूमध्ये. अंतिम सामन्यात भारतानं थायलंडला २८-१४ असं हरवलं. म्हणजे समोरच्यांपेक्षा बरोबर दुप्पट गुण. २०१४ ला दक्षिण कोरियात इंचॉनला इराणवर ३१-२१ असा विजय, फरक दहाचा. २०१८ ला जकार्तात इराणनं आपल्याला २७-२४ असं हरवलं. आणि २०२३ ला एका गुणानं आपण वाचलो. त्याच स्पर्धेत साखळी फेरीत याच चायनीज तैपेईशी आपला सामना ३४-३४ असा बरोबरीत सुटला होता. चायनीज तैपेई म्हणजे तैवान. खेळांमध्ये तो देश या नावानं उतरतो. भातशेतीचा, कारखान्यांचा छोटासा देश, तिथं ना हुतूतूची परंपरा ना गावोगाव मैदानं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात महिलांचा विश्वचषक झाला, तिथंही अंतिम सामन्यात समोर पुन्हा तैपेईच होती. भारत ३५-२८ नं जिंकला. पण अंतिम सामन्यात तोच संघ वारंवार समोर येतो, तो नशिबानं नव्हे.

गिरणगावातल्या मुली

२०१८ आणि २०२३, दोन्ही आशियाई संघांत बारा जणी होत्या आणि दोन्ही वेळा त्यात महाराष्ट्राच्या दोघी. २०१८ ला मुंबईची सोनाली शिंगटे आणि पुण्याची सायली केरीपाळे. २०२३ ला पुन्हा सोनाली, सोबत पुण्याची स्नेहल शिंदे.

सोनाली लोअर परळची. लालबाग, परळ, लोअर परळ, प्रभादेवी, वरळी हा सगळा पट्टा म्हणजे जुनं गिरणगाव. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे आणि अख्खं कोकण इथनं माणसं गिरण्यांत कामाला गेली आणि जाताना दोन गोष्टी घेऊन गेली, भजनाची मंडळं आणि कबड्डी. दिवस-रात्रपाळ्या सांभाळून चाळीच्या पटांगणात खेळ चालायचा. स्पर्धा असली की गल्लीत माती पसरायची, चुन्यानं रेषा मारायच्या, दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या म्हणजे प्रेक्षागृह. ना. म. जोशी मार्गावरचा श्रमिक जिमखाना, दादरचं अमरहिंद मंडळ, परळचा डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब ही नावं कबड्डीवाल्या माणसाला सांगावी लागत नाहीत. या खेळाला फार पैसा लागत नव्हता, हेच त्याचं मोठं बळ. सात-सात गडी आणि पायाखाली मऊ जमीन, बस्स.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढं गिरण्या बंद पडल्या, जागांवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. चाळी गेल्या तशी पटांगणंही गेली. तरी कबड्डी पुरती गेली नाही, ती मंडळांत आणि कॉलेजांत टिकून राहिली. मुलींची तर विशेषच.

सोनालीचे वडील सुरक्षारक्षक, आई खानावळ चालवायची. गिरणगावात खानावळ म्हणजे साधी गोष्ट नव्हे. घरापासून दूर आलेल्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालून हजारो बायकांनी आपले संसार ओढले. याच बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. तर अशा घरातली ही मुलगी. लहानपणी तिला क्रिकेट आवडायचं, पण बॅट-पॅडचा खर्च कोण करणार? परळच्या महर्षी दयानंद कॉलेजात असताना ती कबड्डीकडं वळली. शिवशक्ती महिला संघात राजेश पाडावे यांच्याकडं शिकली. बूट आणि खेळाचं साहित्यही सुरुवातीला संघाकडूनच मिळालं. म्हणजे आशियाई पदकाच्या वाटेवरची पहिली अडचण होती बुटांची. पुढं तिला पश्चिम रेल्वेत नोकरी लागली.

नोकरी हा शब्द इथं महत्त्वाचा आहे. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अनेक वर्षं भारतीय रेल्वेचा दबदबा आहे. कारण उघड आहे, चांगली खेळाडू दिसली की रेल्वे तिला नोकरी देते आणि मग ती राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेकडून उतरते. त्यामुळं महाराष्ट्र विरुद्ध रेल्वे असा सामना असला, की समोरून चढाईला येणारी पोरगी कधीकधी आपल्याच मातीतली असते. यात तिचा काय दोष? गल्लीतल्या ढालीनं घरातली चूल पेटत नाही.

नाशिकच्या बाईंनी इराणला शिकवलं

२०१८ चा पराभव समजून घेताना एक गोष्ट मराठी माणसाला जास्त लागते. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या. नाशिकमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं मुली घडवल्या. भारतीय संघाची जबाबदारी काही त्यांच्याकडं आली नाही, इराणनं बोलावलं तेव्हा त्या तिकडं गेल्या. हाताशी साधारण दीड वर्ष होतं. मुलींशी बोलता यावं म्हणून त्या फारसी शिकल्या. सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. इराणच्या मुली डोकं झाकून, पूर्ण अंगभर पोशाखात खेळतात. ताकद त्यांच्याकडं होतीच, शैलजाताईंनी तिला शिस्त लावली.

२४ ऑगस्ट २०१८ ला जकार्तात अंतिम सामना झाला. मध्यंतराला भारत १३-११ असा पुढं होता. मध्यंतरानंतर इराणनं सामना फिरवला आणि २७-२४ नं सुवर्ण नेलं. आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी सुरू झाल्यापासून भारताच्या मुलींना सुवर्ण हुकलं ते तेव्हाच. आदल्या दिवशी पुरुषांचा संघही उपांत्य सामन्यात इराणकडूनच २७-१८ असा हरला होता. दोन दिवसांत दोन्ही गाद्या गेल्या.

त्यावेळी काहींनी शैलजाताईंना बोल लावले. ते चुकीचं होतं. पंजाबचा मल्ल कोल्हापुरात येऊन शिकवतो तेव्हा आपण त्याला वस्ताद म्हणून पाया पडतो, मग नाशिकच्या बाईनं तेहरानला जाऊन शिकवलं तर ती गद्दार कशी? उलट प्रश्न असा विचारायला हवा, की इराणला जी विद्या दीड वर्षात उपयोगी पडली, ती आपल्या तालुक्याच्या शाळांपर्यंत किती पोचली आहे?

माती वेगळी, मॅट वेगळी

एका गुणाचा फरक कुठून पडतो हे समजायचं, तर आंतरराष्ट्रीय कबड्डी आणि यात्रेतली कबड्डी यांतला फरक बघावा लागतो.

पहिला फरक पायाखालचा. जुन्या नियमपुस्तकात मैदान कसं असावं, तर माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळून मऊ केलेलं. शेतकऱ्याच्या घरात तिन्ही वस्तू मिळतात. आता मोठी स्पर्धा मॅटवर होते, पायात बूट असतात. मातीत पाय थोडा रुततो, थोडा घसरतो. खेळाडू त्या घसरणीचा फायदा घेऊन वळते. मॅटवर बूट जागच्या जागी चिकटतो. त्यामुळं वेग वाढतो, झटक्यात दिशा बदलता येते, पण पाय अडकून गुडघा पिरगळायचा धोकाही तिथंच. मातीवर वाढलेली मुलगी पहिल्यांदा मॅटवर गेली की आठ-दहा दिवस तिचा खेळच तिला परका वाटतो. तिच्या अंगात खेळ नसतो असं नाही, पायाला सवय नसते.

दुसरा फरक मापांचा. महिलांचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं, पुरुषांचं १३ बाय १०. महिलांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदान रेषा आणि तिच्या पुढं १ मीटरवर बोनस रेषा. चढाईला गेलेल्या मुलीनं कुणाला हात लावला नसेल, तर निदान रेषा ओलांडल्याशिवाय परत यायचं नाही, आली तर बाद. समोर सहा किंवा सात जणी असतील, तेव्हा एक पाय बोनस रेषेच्या पलीकडं आणि दुसरा पाय हवेत, एवढं जमलं की कुणालाही न शिवता एक गुण. तो गुण दिसायला किरकोळ. पण २६-२५ च्या सामन्यात किरकोळ काहीच नसतं.

तिसरा फरक घड्याळाचा. चढाई ३० सेकंदांची. गावाकडं अजूनही दम किती टिकतो याच्यावर चर्चा होते. तिथं दमापेक्षा घड्याळ मोठं. आधी संघ पुढं असला की वेळ काढायचा, नुसतं जाऊन यायचं, असा खेळ चालायचा. तो बंद व्हावा म्हणून तिसऱ्या चढाईचा नियम आला. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद. त्यामुळं शहाणे संघ काय करतात? पहिल्या दोन चढाया जाणूनबुजून थंड जाऊ देतात आणि तिसऱ्या चढाईला समोरची नाइलाजानं आत शिरली की तिला घेरतात. इराणनं आणि तैपेईनं आत्मसात केलं ते हेच डोकं. पकडीचा खेळ.

पकड म्हणजे एकटीनं मारलेली उडी नव्हे. कोपऱ्यातली मुलगी घोटा धरते, त्याच क्षणी तिच्या शेजारचीनं कमरेला मिठी घालायची आणि मधलीनं मध्यरेषेकडची वाट अडवायची. तिघींनी एकाच वेळी हलायचं. एक जरी अर्धा सेकंद आधी हलली, तर चढाई करणारी दोघींना शिवून निघून जाते, गुण आपला जायचा तो जातोच, वर दोघी बाहेर. बचावात तीन किंवा कमी खेळाडू उरल्या असताना पकड झाली तर तिला अव्वल पकड म्हणतात आणि तिचे दोन गुण. सगळा संघ बाद झाला तर लोण, त्याचे वरती दोन गुण. म्हणून हरत आलेला संघसुद्धा दोन पकडींत सामना उलटवू शकतो.

चौथी गोष्ट बाजूच्या पट्टीची, तिला लॉबी म्हणतात. दोन्ही बाजूंना एकेक मीटर. कुणाला स्पर्श होईपर्यंत ती पट्टी मैदानात धरत नाहीत. स्पर्श झाला की ती खुली होते. स्पर्श न करता पाय तिथं पडला की बाद. हा नियम किती घोळ घालू शकतो, हे त्याच ७ ऑक्टोबरला पुरुषांच्या भारत-इराण अंतिम सामन्यात दिसलं. २८-२८ अशी बरोबरी, शेवटची दोनेक मिनिटं उरलेली आणि पवन सेहरावत स्पर्श न करता लॉबीत गेला. त्याच्यामागं इराणचे गडीही गेले. कुणाला किती गुण, यावरून पंचांचा निर्णय मागं-पुढं होत राहिला आणि सामना तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ नं जिंकला. आंतरराष्ट्रीय पंचांचा जिथं गोंधळ उडतो, तिथं यात्रेतल्या पंचानं शिट्टी मारली म्हणून त्याच्या अंगावर धावून जाण्यात अर्थ नाही, हे जाता जाता.

महाराष्ट्राच्या दोघीच का?

महिलांच्या कबड्डीला महाराष्ट्रानं फार आधीपासून आधार दिला. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कोलकात्यात झाली. खेळाचे नियम, संघटना आणि परदेश दौरे यांसाठी बुवा साळवींनी हयात घातली, म्हणून १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात. पुरुषांची कबड्डी आशियाई स्पर्धेत १९९० ला बीजिंगमध्ये आली. मुलींना त्यासाठी आणखी २० वर्षं थांबावं लागलं. २०१२ मध्ये पाटण्यात पहिला महिला विश्वचषक झाला, भारतानं इराणला २५-१९ नं हरवलं. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारनं तिघींना प्रत्येकी १ कोटी रुपये जाहीर केले होते. मुंबईच्या अभिलाषाला पुढं २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

आता संघाच्या यादीत हिमाचल आणि हरियाणाच्या मुलींचा भरणा असतो. कर्णधार रितू नेगी हिमाचलची. तिथं धरमशाला आणि बिलासपूरला मुलींची क्रीडा वसतिगृहं आहेत. राहणं, खाणं, शाळा आणि मॅट एकाच जागी. डोंगरातल्या वाडीवरची मुलगी तेरा-चौदा वर्षांची असताना तिथं जाते आणि रोज दोन वेळ मॅटवर खेळते. आपल्याकडं मुलगी शाळेच्या स्पर्धेत चमकते, दहावी होते, मग कॉलेज वीस किलोमीटरवर, शेवटची एसटी संध्याकाळची आणि सराव संध्याकाळीच. तिथं खेळ सुटतो. मुंबईत लोकल रात्री उशिरापर्यंत असते, मैदान चालत जाण्याच्या अंतरावर असतं, म्हणून गिरणगावातली मुलगी टिकते. तालुक्याची मुलगी गुणानं कमी असते म्हणून मागं पडते असं नाही. तिची गाडी चुकते.

पैशाचंही तसंच. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे, लिलावात खेळाडूंवर कोटींच्या बोल्या लागतात. मुलींसाठी त्याच आयोजकांनी २०१६ मध्ये तीन संघांची छोटी स्पर्धा घेतली. एका संघाची कर्णधार अभिलाषाच होती. अंतिम सामना २४-२३ असा एका गुणानं संपला, म्हणजे चुरस भरपूर होती. पण पुढच्या हंगामात ती स्पर्धा काही परत झाली नाही. म्हणून मुलींसाठी आजही भाकरीची खात्री म्हणजे रेल्वे, पोलीस, बँका आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण.

घरात खेळणारी मुलगी असेल तर

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी असते आणि त्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत घेतल्या जातात. शाळेनं नाव नोंदवलं तरच मुलगी उतरू शकते, म्हणून शाळा सुरू झाल्या झाल्या क्रीडाशिक्षकांना भेटावं. दुसरी वाट कबड्डी संघटनेची. जिल्हा संघटनेच्या किशोरी आणि कुमारी गटाच्या निवड चाचण्या होतात, तिथं मंडळाकडून जावं लागतं. वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. मोठ्या महिला गटात ती ७५ किलो आहे. चाचणीच्या दिवशी वजन जास्त भरलं तर खेळ कितीही चांगला असो, परत पाठवतात.

स्पर्धेची प्रमाणपत्रं लॅमिनेट करून भिंतीला लावण्यापेक्षा मूळ प्रत फाईलमध्ये जपावी. नोकरीच्या वेळी क्रीडा विभागाकडून त्यांची पडताळणी होते. कुठल्या पातळीची, कुणी घेतलेली स्पर्धा आहे यावर ते प्रमाणपत्र चालतं की नाही हे ठरतं. गावच्या जत्रेतलं बक्षीस मोलाचं, पण तिथं ते धरत नाहीत.

मॅट प्रत्येक गावाला परवडणार नाही. पण बूट घालून सराव, ३० सेकंदांचं घड्याळ मोबाईलवर लावून चढाई आणि १२ बाय ८ ची बरोबर मापाची चुन्याची आखणी, एवढं तर मातीवरही करता येतं. अनेक गावांत मुलींनाही पुरुषांच्याच मापाच्या मैदानात खेळवतात. तिथं निदान रेषा पाऊण मीटर लांब असते, त्यामुळं पोरींचा अंदाजच चुकीचा बसतो आणि मोठ्या स्पर्धेत बोनसचा पाय नेमका अलीकडं किंवा पलीकडं पडतो.

पुढची आशियाई स्पर्धा सप्टेंबर २०२६ मध्ये जपानच्या आइची-नागोयात आहे आणि तिथंही कबड्डी आहे. राष्ट्रीय स्पर्धेतून शिबिरासाठी मुली निवडल्या जातात आणि शिबिरातून शेवटच्या बारा जणी.